हॉस्टेलच्या खोलीत उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचं काय करायचं?

पठारावरची
मी एम.ए. करते, ताळगाव पठारावर हॉस्टेलला राहते. आमच्या खोलीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. जिच्या गोळ्या उरतात, तिने त्यात टाकायच्या. बहुतेक पट्ट्या कात्रीने कापलेल्या, नाव अर्धं, तारीख नाहीच.

मागच्या पावसाळ्यात रूममेटला ताप आला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. मीच डब्यातली अझिथ्रोमायसिन ५०० काढून दिली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. माझा घसा धरला होता तेव्हा मला त्याच गोळीने बरं वाटलं होतं, म्हणून. चौथ्या दिवशी तिला उभं राहवेना, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. डेंगू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काय घेतलंस? ती माझ्याकडे बघत राहिली. आता ती ठणठणीत आहे, पण ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दोन गोळ्यांनी तिचं काही बिघडलं असेल का? आणि या डब्याचं काय करू?

सूक्ष्मजीव_साखळी
मी मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी. डेंगू विषाणूचा, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, त्यामुळे त्या गोळ्यांचा तिच्या तापावर काडीचा परिणाम झाला नसणार. तुझा घसाही बहुतेक आपोआपच बरा झाला असेल. बहुतेक घसेदुखी विषाणूचीच असते. श्रेय मात्र गोळीला मिळतं.

आम्ही प्रॅक्टिकलला प्लेटवर जिवाणू पसरतो आणि त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहा चकत्यांपैकी दोन चकत्यांभोवती कडंच नव्हतं, जिवाणू अगदी चकतीला भिडलेले, म्हणजे ती दोन औषधं त्यांच्यावर चालतच नव्हती. पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंवरही प्रत्येक गोळी पडते. जे मरत नाहीत ते वाढतात आणि आपली प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात.

दादा_फोंडा
बाय, मी फोंड्याला फार्मसी चालवतो. कॉलेजची मुलं येतात आणि म्हणतात, "तापाची स्ट्राँग गोळी द्या, उद्या पेपर आहे." चिठ्ठी मागितली की समोरच्या दुकानात जातात. २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या, म्हणजे सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायचीच नाही.

तुझ्या डब्यात मला अँटिबायोटिकपेक्षा दुसऱ्याच गोळ्यांची धास्ती वाटते. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन असतीलच. डेंगूत त्या आणि अ‍ॅस्पिरिन घेतल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल तेवढी चालते, तीही मापात. आणि कोणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर मैत्रिणीची अमॉक्सिसिलिन, तीही पेनिसिलिनच्याच गटातली, जिवावर बेतू शकते.

उलटही सांगतो. पावसात शेतात, साचलेल्या पाण्यात उतरलेल्याला ताप आला तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तो जिवाणूचा, तिथे अँटिबायोटिक वेळेवर लागतंच. डेंगू आणि लेप्टो पहिल्या दोन दिवसांत दिसायला सारखेच. तपासल्याशिवाय मलाही कळत नाही, मग तुला खोलीत बसून कसं कळणार?

गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नको. पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालव, पिशवी घट्ट बांध, मग कचऱ्यात टाक.

पठारावरची
दादा, आज तिच्यासोबत बसून डबा उपसला. २३ गोळ्या निघाल्या, आयब्युप्रोफेनची पट्टीही. एका तुकड्यावर फक्त "सिन" एवढंच वाचता आलं. मेसच्या मावशींकडून चहापत्ती मागून आणली आहे.

एक राहिलं. मला गेल्या आठवड्यात पाच दिवसांचा कोर्स दिलाय, तीन दिवसांतच बरं वाटलं. उरलेल्या घेऊ ना?

सूक्ष्मजीव_साखळी
ज्यांनी लिहून दिलाय त्यांनाच फोन कर. हल्ली काही आजारांत कोर्स लहान करतात, काहींत नाही. ते त्यांनीच ठरवायचं. पण उरल्या तर डब्यात नको.