कॅटॅलिसिसमध्ये पीएचडी केली तर पुढे काय?

चिकोत्रा
एमएस्सी ऑरगॅनिक, कोल्हापूर. जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) निघालीय. कुरकुंभला एका एपीआय (औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसीची, म्हणजे माल तपासायची, ऑफरही आलीय आणि घरचे म्हणतात तीच धर. मला कॅटॅलिसिस (स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणारे पदार्थ, म्हणजे कॅटॅलिस्ट, त्यांचा अभ्यास) आणि ग्रीन केमिस्ट्री, म्हणजे कमी कचरा करणारं रसायनशास्त्र, करायचंय. पाच वर्षांनी हातात काय असेल? गाइड कसा निवडायचा? या लाइनमधल्यांनी खरं सांगा.

जुनी_माटुंगेकर
याच लाइनमध्ये केस पिकले, अजून शिकवतेय. प्राध्यापकी मिळेलच असं सांगणार नाही, जागाच निघत नाहीत. माझे बरेच विद्यार्थी कंपन्यांच्या प्रोसेस आर अँड डीत आहेत आणि बरे कमावतात.

'ग्रीन' शब्द सध्या बाजूला ठेव, ग्रँटच्या अर्जात तो सगळेच लिहितात. आकडा बघ. रॉजर शेल्डननी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला: किलोभर मालामागे किती किलो कचरा. रिफायनरीत ०.१ च्या आसपास, औषधांत २५ ते १०० आणि वरही. म्हणजे तुला ऑफर आलीय त्याच धंद्यात आपली गरज सगळ्यात जास्त.

फ्रीडेल-क्राफ्ट्स ॲसायलेशन घे, बेंझिनसारख्या रिंगवर ॲसाइल गट बसवून कीटोन करायची रिॲक्शन. पुस्तकात ॲल्युमिनियम क्लोराइडला कॅटॅलिस्ट म्हणतात, पण तयार झालेलं कीटोन त्याला धरून बसतं, म्हणून मोलला मोलहून जास्त घालावं लागतं. शेवटी पाणी ओतलं की एचसीएलचा धूर आणि गाळ. त्याऐवजी झिओलाइट किंवा सल्फेटेड झिरकोनियासारखं घन आम्ल, म्हणजे न विरघळणारा आम्लधर्मी कॅटॅलिस्ट, चाललं, तर गाळून परत वापरता येतं. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, गणपती यादव सरांनी अशा घन आम्लांवर उभं आयुष्य घातलं. त्यांच्या कॅटॅलिस्टांची नावंच यूडीकॅट. तुझ्याच जिल्ह्यातले, २०१६ चे पद्मश्री.

आता गाइड. पेपरात 'पाच वेळा वापरला, ॲक्टिव्हिटी तशीच' असा आलेख हमखास असतो. मेख अशी की दर खेपेला रिॲक्शन पूर्ण होईपर्यंत चालवली, तर अर्धमेला कॅटॅलिस्टही शंभर टक्केच दाखवतो. अर्ध्यात थांबवून रेट मोजायला हवा. दुसरं, हॉट फिल्ट्रेशन: रिॲक्शन गरम असतानाच कॅटॅलिस्ट गाळून काढायचा. उरलेल्या द्रवात रिॲक्शन पुढे सरकत राहिली, तर कॅटॅलिस्टमधला धातू विरघळून बाहेर आलाय, आणि तुझा 'घन' कॅटॅलिस्ट नावापुरताच घन. गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हे दोन्ही प्रयोग आणि मास बॅलन्स (घातलेल्या आणि निघालेल्या मालाचा वजनी हिशोब) सापडला, तर डोळे झाकून जा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर नंतर बघ.

लोटेकर
मॅडम, प्लांटवाल्याचंही ऐका. आमच्याकडे असाच एक घन कॅटॅलिस्ट आणला होता. लॅबमध्ये झकास. प्लांटच्या फीडमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या कच्च्या मालात, पाणी निघालं, ॲक्टिव्हिटी बसली. वर बारीक पावडरीने फिल्टर चोंदला, ऑपरेटर शिव्या घालतोय. साहेबांनी पुन्हा ॲल्युमिनियम क्लोराइडच्या गोणी मागवल्या.

जुनी_माटुंगेकर
@लोटेकर अगदी. शुद्ध बाटलीतलं रसायन वापरून पेपर निघतो, प्लांट चालत नाही. @चिकोत्रा, पावडरीचे दाणे पाडायला शिक, घाणेरड्या फीडवरही चालवून बघ. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर पेपर निघत नाहीत, पण मुलाखतीत कंपनीवाले तेच विचारतात.

चिकोत्रा
धन्यवाद मॅडम. स्टायपेंडमध्ये भागतं का? घरी तोच प्रश्न येणार.

जुनी_माटुंगेकर
पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मग एसआरएफला (पुढच्या, सीनियर फेलोशिपला) ४२,०००, वर घरभाडं. भागतं. पैसे कधीकधी उशिरा येतात, तेवढी शिल्लक ठेव.

चिकोत्रा
आणि ते प्रबंध कुठे मिळतील?

जुनी_माटुंगेकर
शोधगंगावर, विद्यापीठांतले प्रबंध ठेवणारी साइट आहे ती. रीयूजचं प्रकरण आधी उघड.