मदत हवी आहे: आईला आतड्याचा कॅन्सर होता, आता दादाला झालाय. घराण्यात असला की माणूस वाचत नाही का?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

दादा (४६) काळाचौकीला राहतो. जूनमध्ये त्याचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. स्टेज ३, तपासलेल्या १७ पैकी २ लिम्फ नोडमध्ये कॅन्सर निघाला. दर २१ दिवसांनी सलाइनमधून ऑक्झालिप्लॅटिन आणि पुढे १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या अशी केमो चालू आहे. आठ सायकल सांगितल्यात, तीन झाल्या. चौथीला जायचं नाही म्हणतोय.

त्रास होतोच. गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येतात, फ्रिजमधली दुधाची पिशवी तो नॅपकिनात गुंडाळून बाहेर काढतो. पण नको म्हणण्याचं कारण ते नाही. आई १९९९ मध्ये याच आजाराने गेली, ४४ व्या वर्षी. दादा तेव्हा वीस वर्षांचा होता, हॉस्पिटलात डबा घेऊन तोच जायचा. आता म्हणतो, "रक्तातच आहे आपल्या. आईचं झालं तेच माझं होणार, पैसे कशाला घालवायचे?" वहिनीसमोर म्हणतो, पोरांसमोर म्हणतो.

गेल्या आठवड्यात त्याची फाइल लावत होते. पहिल्याच केस पेपरवर लिहिलेलं दिसलं, फॅमिली हिस्टरी: निल. विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं होतं, मीच नाही म्हणालो. मामा शेजारी उभे होते." मामांच्या मुलीचं जमवायचं चाललंय, बोभाटा नको म्हणून. आधी राग आला, मग रडू आलं. आमच्याकडे हे असंच चालत आलंय. आईला "पोटाचा आजार" होता. मावशीची पन्नाशीच्या आत "पिशवी काढली", एवढंच आम्हाला ठाऊक. का काढली ते मी परवा पहिल्यांदा विचारलं. गर्भाशयाचा कॅन्सर होता. इतक्या वर्षांत एकदाही कुणी बोललं नाही.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. घराण्यात असला तर दादाचे जगण्याचे चान्सेस खरंच कमी होतात का? आणि मी (४१), दादाची मुलगी (१७) आणि मुलगा (१३), आम्ही काय करायचं? आईचे कागद २६ जुलैच्या पाण्यात गेले.

प्रतिसाद १

ताई, माझ्या वडिलांना आणि काकांना दोघांनाही हाच होता, म्हणून यावर मी बरंच वाचलंय. आजार होण्याची शक्यता आणि झाल्यावर तो कसा चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घराण्यामुळे वाढते. दुसरी त्यामुळे बिघडलेली दिसत नाही. अमेरिकेत स्टेज ३ च्या १,०८७ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १९५ जणांच्या आईवडिलांना, भावंडांना किंवा मुलांना हा कॅन्सर होता. पाचेक वर्षांनी पाहिलं तर आजार उलटणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण त्यांच्यात २९ टक्के होतं, बाकीच्यांत ३८ टक्के. एका अभ्यासावरून खात्री देता येत नाही, पण "रक्तात आहे म्हणून संपलं" याला तरी त्यात आधार नाही.

दादाला मात्र एक गोष्ट जरूर सांगा. ते सगळे ऑपरेशननंतर केमो घेणारे लोक होते. तो आकडा हवा असेल तर चौथी सायकल घ्यावी लागेल. आणि आईशी तुलना नको. आतड्याच्या ऑपरेशननंतर ऑक्झालिप्लॅटिन द्यायची पद्धत २००४ च्या सुमारास रुळली. त्यांना ते मिळालेलंच नसणार.

प्रतिसाद २

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आईला आतड्याचा आणि मावशीला गर्भाशयाचा, दोन्ही पन्नाशीच्या आत, हे वाचलं की लिंच सिंड्रोमची, म्हणजे अशा कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आणि आईवडिलांकडून मुलांत उतरणाऱ्या जीनमधल्या दोषाची शंका येतेच. दादाच्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) हॉस्पिटलात असतो. त्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रोटीनची तपासणी झाली आहे का, रिपोर्टमध्ये बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. त्यात काही निघालं तर रक्ताची जीन टेस्ट आधी दादाची, मग बाकीच्यांची. दोष असलाच तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. परळच्या टाटामध्ये आणि टाटाच्याच खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात यासाठी कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे. कागद नसले तरी कुणाला, कुठला, कोणत्या वयात, एवढं लिहून न्या. फॅमिली हिस्टरी निल राहिली तर ही शंका कुणाला येणार?

तुम्ही स्वतः मात्र रिपोर्टची वाट बघू नका. जवळच्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिशीला, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करतात. तुमचं ते वय उलटून गेलंय. मुलांना आत्ता काही नाही, पण लिंच निघालं आणि त्यांच्यात उतरलेलं असलं तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी. मुलीच्या बाबतीत गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावं लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. २९ आणि ३८ चे आकडे काल दादाला वाचून दाखवले. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आईला हे औषध नव्हतंच?" शुक्रवारी चौथी सायकल आहे आणि येतो म्हणालाय. डॉक्टरांना आई आणि मावशीचं तो स्वतः सांगणार आहे. मामांशी मी बोलेन, त्यांच्या मुलीलाही हे कळायला हवं. माझी कोलोनोस्कोपी पुढच्या मंगळवारी. पोट साफ करायचं औषध आदल्या रात्री घ्यायचंय, ऑफिसला हाफ डे पुरेल की पूर्ण रजा टाकू?