शनिवार ४०, रविवार ४०, म्हणून ८० टक्के?

कुणीतरी लिहिलंय की शनिवारी पावसाची शक्यता ४० टक्के, रविवारी ४० टक्के, म्हणजे वीकेंडला पाऊस येण्याची ८० टक्के. ही बेरीज इथे चालत नाही. सोमवारीही ४० टक्के असेल तर १२० टक्के म्हणणार का?

सूत्र असं: अ किंवा ब = अ + ब − (अ आणि ब दोन्ही). दोन्ही दिवस पाऊस पडला तर तो वीकेंड शनिवारच्या ४० मध्येही मोजला जातो आणि रविवारच्या ४० मध्येही. म्हणून एकदा वजा करायचा.

खरी गोची हा वजा करायचा आकडा काढण्यात आहे. दोन दिवस एकमेकांपासून स्वतंत्र मानले तर ०.४ × ०.४ = ०.१६, उत्तर ६४ टक्के. पण पावसाळ्यात पाऊस लागून राहतो. शनिवारी पडल्यास रविवारी पडण्याची शक्यता समजा ७० टक्के धरली, तर ०.४ × ०.७ = ०.२८ आणि उत्तर ५२ टक्के. अंदाजातल्या नुसत्या दोन आकड्यांवरून एवढंच ठरतं की उत्तर ४० ते ८० च्या दरम्यान आहे.

वजाबाकी न करता बेरीज चालते ती दोन्ही गोष्टी एकत्र घडूच शकत नसतील तेव्हाच. उदा. एका फाशावर ५ किंवा ६: २/६. पत्त्यांत मात्र ‘राजा किंवा बदाम’ म्हटलं की ४ + १३ − १ = १६ पत्ते (५२ पैकी), कारण बदामचा राजा दोन्हीकडे असतो.