बी विंग ग्रुप: सायलीने दूध सोडलं

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): कोजागिरीच्या मसाला दुधाची नावं आज रात्री ९ पर्यंतच घेणार. बी-२०४, तुमचे चार लिहू ना?

सायली बी-२०४: काका, तीनच लिहा. मी व्हीगन झालेय, प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. दूध, दही, तूप, मध, सगळं बंद.

शिंदे काका बी-१०१: दूध बंद? आणि रोज पहाटे तळजाई टेकडीवर पळतेस? गोळे येतील पोरी पायात.

सायलीची आई: तुम्हीच सांगा हो तिला. वरणभातावर तूप नाही. कढी केली की हिच्यासाठी वेगळं आमसुलाचं सार.

कुलकर्णी काका: बदामाचं दूध चालेल का? एक पातेलं वेगळं ठेवू.

सायली बी-२०४: चालेल काका, मीच करून आणते.

शिंदे काका बी-१०१: कोजागिरीचं सोडा, मी खुराकाचं बोलतोय. आम्ही तालमीत होतो तेव्हा जोर-बैठका झाल्या की दूध, थंडाई, तूप. मटण सगळ्यांनाच परवडायचं नाही, पण दुधाशिवाय पैलवान मी तरी पाहिला नाही.

निखिल बी-५०२: काका, जर्मनीचा पॅट्रिक बाबूमियान बघा. स्ट्राँगमॅन आहे, व्हीगन आहे. २०१३ मध्ये टोरांटोला ५५० किलोचं जू खांद्यावर घेऊन १० मीटर चालला.

शिंदे काका बी-१०१: साडेपाच क्विंटल?? व्हिडिओ टाक.

निखिल बी-५०२: टाकतो. तोवर हे वाचा. जगज्जेते व्हीगन खेळाडू: लुईस हॅमिल्टन (मोटार शर्यत), व्हीनस विल्यम्स (टेनिस), कार्ल लुईस (धावपटू), विराट कोहली. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

मेधाताई बी-३०३: कोहलीला काढ त्यातून. तो शाकाहारी आहे, व्हीगन नाही. आपण अंडी खातो हे २०२१ मध्ये त्यानेच सांगितलं. लोक तुटून पडले तेव्हा ‘मी व्हीगन आहे असं कधी म्हटलंच नव्हतं’ असा खुलासाही केला.

जोशी आजोबा बी-४०१: अंडी खाऊन शाकाहारी कसा?

कुलकर्णी काका: आजोबा, अंड्याचा विषय या ग्रुपवर नको. मागच्या वेळी दोन घरं ग्रुप सोडून गेली होती.

शिंदे काका बी-१०१: आणि तो हॅमिल्टन तर गाडीत बसून असतो.

निखिल बी-५०२: काका, उकाड्यातल्या शर्यतीत घामानेच चालकांचं दोन-तीन किलो वजन उतरतं. वळणावर मानेवर किती ताण येतो ते वेगळंच. २०१७ मध्ये त्याने मांस-दूध सोडलं, आणि त्या वर्षापासून २०२० पर्यंत सलग चार वेळा जगज्जेता.

मेधाताई बी-३०३: आता जरा लांबण लावते, दिवसभर क्लिनिकमध्ये हेच बोलते म्हणून.

कार्ल लुईसचं उदाहरण दोन्ही बाजूंनी लागू पडतं. १९९१ मध्ये टोकियोला १०० मीटरचा ९.८६ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा तो व्हीगन होता. पण १९८४ आणि १९८८ ची मिळून सहा ऑलिंपिक सुवर्णं त्याआधीची. म्हणजे पालेभाज्यांनी लुईस घडला असं कोणी म्हणू नये. ताट बदलल्यावरही त्याचा वेग गेला नाही, एवढं नक्की. सायलीला तेवढंच पुरे आहे.

व्हीनसने तर आजारपणामुळे हा मार्ग धरला. २०११ मध्ये शोग्रेन सिंड्रोमचं निदान झालं, त्यात अंगातली ताकदच जाते. २०१७ मध्ये, ३७ व्या वर्षी, ती विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली.

सायलीच्या कामाचा माणूस यादीत नाहीच. स्कॉट ज्युरेक. वेस्टर्न स्टेट्स ही डोंगरातली १०० मैलांची शर्यत त्याने १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकली. १०० मैल म्हणजे पुण्याहून मुंबई गाठून वर थोडं. तोही १९९९ पासूनच व्हीगन. मात्र ज्यांना जमलं नाही आणि जे गुपचूप दह्याकडे परतले, त्यांच्या याद्या कोणी फॉरवर्ड करत नाही.

शिंदे काका बी-१०१: ताई, पण दुधाची ताकद भरून कशी काढायची?

मेधाताई बी-३०३: लिटरभर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं. १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासच्या वर, शेंगदाण्यात २५. खेळाडूला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते २ ग्रॅम लागतात. सायली ५० किलोची धरली तर ६० ते १००. उसळ, वड्या, दाण्याची चटणी नीट खाल्ली तर होतं. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ.

मला काळजी दुसरीच आहे. या जेवणात चोथा जास्त, पोट लवकर भरतं. पळणाऱ्या मुली नकळत कमी खातात. सायली, पाळी चुकायला लागली तर अंतर वाढवायचं नाही, आधी मला भेटायचं. पोह्यांवर लिंबू पिळायचं, लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, त्याने उलटं होतं.

आणि बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी. ते वनस्पतीत मिळत नाही, स्पिरुलिनाच्या जाहिराती काहीही म्हणोत. रक्तपेशी बनायला ते लागतं. ते कमी पडलं की दम लागतो, मुंग्या येतात, आणि दोष सरावाला. तपासलंस का?

सायली बी-२०४: नाही अजून 😬

जोशी आजोबा बी-४०१: आमचं बरं आहे. रोज दोन कप दूध.

मेधाताई बी-३०३: आजोबा, इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिघांतल्या दोघांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात त्याहून जास्त. दूध पिऊनही ते कमी पडू शकतं.

जोशी आजोबा बी-४०१: बापरे. म्हणून मुंग्या येतात की काय?

कुलकर्णी काका: दहा नावं झाली तर लॅबवाला सोसायटीत येऊन रक्त घेईल. कॉपी करून पुढे लिहा.
१. कुलकर्णी
२. सायली

जोशी आजोबा बी-४०१:
१. कुलकर्णी
२. सायली
३. जोशी, मी आणि ही

शिंदे काका बी-१०१:
१. कुलकर्णी
२. सायली
३. जोशी, मी आणि ही
४. शिंदे (मला काही झालेलं नाही, दहा भरावेत म्हणून)