'सगळे धर्म सारखेच' लिहिलं तर मॅडमनी वही परत दिली. आता काय लिहू?

श्रीगोंद्याची_पोर
नमस्कार मंडळी. पुण्यात एसवायबीकॉमला आहे. या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्हमध्ये धर्मांचा तुलनात्मक परिचय घेतलाय. खरं सांगायचं तर फोटोग्राफीच्या जागा भरल्या होत्या म्हणून. दोन क्रेडिटचा विषय, त्यात 20 मार्क इंटरनलचे. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलून चार पानं लिहायची.

लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'सर्व धर्म अखेर एकच शिकवण देतात.' मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं, 'कुणी सांगितलं?' सोमवारपर्यंत पुन्हा द्यायचंय.

आधी रागच आला. मी श्रीगोंद्याची, संतकवी शेख महंमद बाबांच्या गावची. 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' हे आजोबांच्या मांडीवर टाळ कुटत म्हटलेलं. मला काय सहिष्णुता शिकवणार? तर पुढच्याच तासाला नेमकी तीच ओळ फळ्यावर. 'अविंध म्हणजे काय गं?' मला सांगता येईना. मला इतकी वर्षं वाटायचं, गोविंदाला यमक म्हणून काहीतरी घातलंय. अविंध म्हणजे ज्याचे कान विंधलेले नाहीत तो, म्हणजे मुसलमान. तो माणूस पहिल्या अर्ध्या ओळीतच सांगतोय की मी तुमच्यातला नाही, आणि मी टाळ वाजवतेय.

रूममेट लातूरची, मुसलमान आहे. दहा प्रश्न काढून तिच्यासमोर बसले. तिनंच आधी विचारलं, "तुला एकादशीला भगर चालते, मग भात का नाही?" मी गप्प. ती म्हणे, "बघ, आणि मला तू रोज्याचं शास्त्र विचारणार!"

तर चार पानांत लिहू काय? आणि वडील फोनवर विचारतात, कॉलेजात धर्म शिकवायला परवानगी तरी आहे का? तेही कुणीतरी सांगा.

काळा_कोट
वडिलांचा प्रश्न रास्त आहे. घटनेचं कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानं हाच फरक धरून शाळांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाला हिरवा कंदील दिला. मॅडम वर्गात आरती म्हणायला लावत नाहीत ना? मग निवांत राहा म्हणावं.

रिकामटेकडा
20 पैकी 8 ला पास. म्हणजे 7 पडले की असहिष्णू का?

पेन्शनर_मास्तर
वरच्यांचा विनोद सोडून द्या, पण मलाही 'सहिष्णुता' हा शब्द फारसा रुचत नाही. त्यात मुळात सोसणं आहे. शेजाऱ्याचा लाऊडस्पीकर सोसतो तसं.

मुली, एकनाथांचं 'हिंदु-तुर्क संवाद' हे भारूड लायब्ररीतून काढ. मी शाळेत तीस वर्षं एकनाथ शिकवले. नदीकाठी तापलेल्या वाळूतलं पोर उचललं, गाढवाला पाणी पाजलं, एवढंच. हे भारूड कधी वर्गात नेलं नाही. भीती वाटायची, कुणाच्या तरी घरून तक्रार येईल. कारण त्यात ते दोघं गोड बोलतच नाहीत. तुर्क, म्हणजे मुसलमान, म्हणतो, तुम्ही दगड पुजता. हिंदू म्हणतो, देव सगळीकडे आहे तर पश्चिमेलाच तोंड का? दोघंही एकमेकांच्या पुराणातली नेमकी अडचणीची गोष्ट काढतात. पोटातलं सगळं ओकून झाल्यावर मग नमस्कार आणि मिठी. आपण आजकाल थेट मिठीपासून सुरुवात करतो, पोस्टरवर असते तशी.

उलट बाजू हवी असेल तर अशोकाचा बारावा शिलालेख. गिरनारच्या खडकावर आहे. तो म्हणतो, जीभ आवरा. स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. हा सम्राट, तो कीर्तनकार. एक जीभ आवरायला सांगतो, दुसरा दोघांना मनसोक्त भांडू देतो. तुझी दोन पानं इथंच भरतील.

कॅम्पातली
पुण्यातच आहेस तर लाल देऊळ बाहेरून तरी बघून ये. देऊळ म्हणतात, पण आहे ज्यूंचं सिनेगॉग, 1867 चं, लाल विटांचं. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते.

माझा अनुभव अग्यारीचा, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराचा. पारशी मैत्रिणीबरोबर दारापर्यंत गेले. पुढं मला प्रवेश नाही. तिच्या आजीनं बाहेरच्या बाकावर बसवून अग्नीबद्दल सगळं सांगितलं, पण आत नाही म्हणजे नाही. घरी येईपर्यंत फुगून बसले होते. मग आठवलं, माझी स्वतःची आजी सोवळ्यात असली की मला तरी कुठं स्वयंपाकघरात येऊ द्यायची! आजवर त्याचा राग आला नव्हता.

श्रीगोंद्याची_पोर
सगळ्यांचे आभार. वडिलांना कलम 28 वाचून दाखवलं. म्हणाले, "बरं, पण पास हो."

मास्तर, भारूड मिळालं. रूममेटनं आणि मी अर्धं अर्धं वाटून मोठ्यानं वाचलं. तिला हिंदूचा भाग दिला, मी तुर्काचा घेतला. दगडाच्या देवाशी आल्यावर मी अडखळले, तर ती म्हणाली, "वाच की, लिहिलंय तुमच्याच संतांनी." दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या.

'सर्व धर्म एकच' हे वाक्य काढून टाकलं. तिथं आता तिचे दहा आणि माझे दहा प्रश्न आहेत. तिनं दहापैकी सहांची उत्तरं दिली, दोन अब्बूंना विचारून सांगते म्हणाली, दोन तिलाही माहीत नाहीत. माझा निकाल याहून वाईट. भगरीसाठी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "चालते म्हणून चालते. आणि तुला कोण विचारतंय हे? तिला म्हणावं, सुट्टीत ये, आमटी-भगर करून घालते."

तेही उत्तर म्हणून जसंच्या तसं लिहिलंय. मॅडम गोल काढतील बहुतेक.