थंडीत गाडीवर हात आखडू नयेत म्हणून काय करता?

केगावकर
आज पहाटे बाळे चौकात एका दूधवाल्याच्या हँडलला युरियाच्या पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले दिसले, आणि पूर्वीचा पुणे रोड आठवला. निम्म्या गाड्यांना हेच असायचं. पोतं विणलेलं असलं तरी आत पातळ प्लास्टिकचं अस्तर असतं, वारा तिथं अडतो. आपण सोलापूरकर वर्षाचे दहा महिने उन्हाच्या नावानं बोटं मोडतो आणि जानेवारीत तीच बोटं हँडलवर आखडतात. हवा १० अंश असली आणि गाडी ६० नं पळत असली, तर उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते. म्हणून आधी वारा अडवा, ऊब नंतर बघू. सगळ्यांनी आपापले उपाय लिहा. 'जॅकेट घाला' हे सोडून.

सुईदोरा
पोतं नको, रेक्झिन घ्या. सीटकव्हरवाल्याकडं अर्धा मीटर घेतलं तरी दोन्ही बाजूंना पुरतं. हँडलच्या टोकापासून आरशाच्या दांडीपर्यंत माप घ्या, वर ४ बोटं जास्त सोडा. आरशाच्या दांडीला आणि केबलला वेगवेगळी चीर, चिरेला वेल्क्रो. हात घालायचं तोंड एवढं रुंद हवं की मोज्यासकट हात एका झटक्यात बाहेर यायला पाहिजे. इथं बरेच जण घट्ट शिवून घेतात आणि गाडी कलंडली की हात अडकून मनगट जातं.
बाकीचं कुकर उतरवून लिहिते.

पाचवा गिअर
ताई, मेन गोष्ट राहिली. मऊ कव्हर वेगात वाऱ्यानं मागं दबतं आणि ब्रेकच्या लिव्हरवर बसतं. ब्रेकलाइट सारखा पेटलेला, मागच्याला कळत नाही हा थांबतोय का चाललाय. ब्रेकही घासत राहतो. आतून कडक काहीतरी पाहिजेच.

सुईदोरा
तेच लिहायचं होतं. ५ लिटरच्या ऑइल कॅनची बाजू कापून पुढच्या अंगाला दोन थरांत शिवायची. लिव्हर आणि कव्हर यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. झालं की हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून एक्सलेटर सोडून बघा, झटकन परत आला नाही तर शिवण उसवा. बटणं आत झाकली जातात, हॉर्न आणि इंडिकेटर न बघता सापडायची सवय करून घ्या.

गड्ड्यावरचा पाळणा
अस्तराला सोलापुरी चादरीचा तुकडा लावला तर? जीआय टॅगवाली गाडी होईल 😀

सुईदोरा
लावा की, पण आतूनच. चादर सुती, एकटी वारा अडवत नाही. टॉवेलचं कापड मात्र नको, ते दव पितं आणि ओलं कापड उलट हात गार करतं.

जुळे सोलापूर वायरमन
एवढा कुटाणा कशाला? हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, बसवा. जोडी बहुतेक ३० ते ४० वॉटची, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर. बॅटरीवरून वेगळी वायर, ५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) आणि रिलेचा ट्रिगर इग्निशनवरून, म्हणजे चावी बंद की ग्रिप बंद. डायरेक्ट जोडली आणि बंद करायची राहिली की सकाळी सेल्फ लागत नाही.
उजव्या वायरला ढील ठेवा, एक्सलेटर फिरला की ती ओढली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत मुळाशी तुटते. डावी ग्रिप नेहमी कमी तापते, माल खराब नसतो. उजवीखाली प्लास्टिकची नळी असते, डावीखाली थेट लोखंडी पाइप, तो सगळी ऊब ओढून घेतो. डाव्या पाइपवर आधी हीटश्रिंकचा (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) एक थर चढवा.

पाचवा गिअर
१०० सीसीला झेपतं का बे ते?

जुळे सोलापूर वायरमन
मल्टिमीटर लाव. इंजिन चालू, हेडलाइट चालू, ग्रिप फुल. बॅटरीवर १३ व्होल्टच्या खाली येत असेल तर ग्रिप मधल्या पॉइंटवर ठेव. सिग्नलला आयडलिंगवर बंदच कर.

केगावकर
अण्णा, ग्रिपनं तळवा तापतो, पण वारा लागतो बोटांच्या पाठीला. कव्हर नसेल तर निम्मी वीज वाऱ्यावर.

जुळे सोलापूर वायरमन
ते मान्य. कव्हर असेल तर सगळ्यात कमी पॉइंट पण बास होतो.

औषधवाली
पेशंट थांबलेत, पटकन लिहिते. लोकरी मोज्याच्या आत मेडिकलमध्ये मिळणारे नायट्राइल मोजे (डॉक्टर घालतात तसले पातळ रबरी) घाला. वारा पूर्ण बंद. पण घाम बाहेर जात नाही, त्यामुळे तुळजापूरपर्यंत ठीक, पुण्याला जाताना मोहोळ किंवा टेंभुर्णीला जोडी बदला. वरचा मोजा घट्ट नको, मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाला थोडी जागा राहिली पाहिजे. दाबलं की रक्त जात नाही, मग कितीही जाड मोजा असू द्या.
मनगट झाका. तिथं रक्तवाहिन्या कातडीलगत असतात. जुन्या सॉक्सचा पंजा कापून नळी केली तरी चालते, ती आधी, त्यावर मोजा, त्यावर जॅकेटची बाही. छाती गारठली की शरीर हातांचं रक्त आवरतं, म्हणून जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या ४ घड्या. हा उपाय बोटांसाठीच आहे.

गड्ड्यावरचा पाळणा
आणि मावा? आमच्याकडं सगळे म्हणतात मावा लावला की अंग तापतं.

औषधवाली
दादा, उलटं आहे. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, बोटं आणखी गार पडतात. आणि ज्यांची बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात त्यांनी मोजे बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. डायबेटीसवाल्यांनी हीटेड ग्रिप फुलवर नको, बधिर हाताला चटका कळत नाही.

पाचवा गिअर
सायलेन्सरवर मोजे शेकणाऱ्यांनी पण ऐका. सिंथेटिक मोजा वितळून चिकटतो. हार्डवेअरमधले वेल्डिंगचे मोजे ऊबदार असतात, पण लिव्हरचा अंदाज लागत नाही, गाडीला नकोत.
आणि क्लच केबलमध्ये तेल सोडा रे. क्लच जड असला की आखडलेल्या बोटांची वाट लागते. केबलचं वरचं टोक काढून इंजिन ऑइलचे थेंब सोडायचे, खालून तेल दिसेपर्यंत. मग लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी प्ले, म्हणजे मोकळी ढील.

हिप्परग्याचा
टेंभुर्णी ते भिगवण जपून. उजनीचं पाणी आणि दोन्हीकडं ऊस, गारवा एकदम वाढतो. त्यात उसाच्या ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. बोटं आखडलेली असली की ब्रेक उशिरा लागतो, अंतर जास्त ठेवा.

गड्ड्यावरचा पाळणा
ट्रॉलीवाल्यांवर वेगळा धागा काढा राव. मंगळवेढ्याकडं हुरडा सुरू झाला का?

हिप्परग्याचा
झालाय. सकाळी लवकर जाऊ नका, दहाला निघा, मोज्यांचा प्रश्नच मिटला.

शेंगाचटणी
कव्हर स्कूटीला बसतं का?

सुईदोरा
बसतं. पण तुमच्या दोन्ही लिव्हर ब्रेकच्या, त्यामुळे दोन बोटांचं अंतर दोन्हीकडं तपासा. आरसे आधी काढून घ्या, कव्हर चढवा, मग आरसे परत. नाहीतर चीर फाटते.