तुमच्या घरात १९४६-४७ कसं आठवतं? (सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींसाठी हा धागा. आपल्याकडं १९४६ म्हटलं की मे महिन्यातलं बेळगावचं साहित्य संमेलन आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी आठवते. त्याच मे महिन्याच्या १६ तारखेला त्रिमंत्री योजना (फाळणी न करता हिंदुस्थान एकत्र ठेवायची ब्रिटिश मंत्र्यांची योजना) जाहीर झाली, ते कुणी काढत नाही. फाळणी म्हणजे पंजाब-बंगालचं दुखणं, असंच आपण धरून चालतो. पेपरातलं नको, घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आज्जीचं भूगोलाचं पुस्तक थोरल्या भावाकडून आलेलं. त्यात सिंध अजून मुंबई इलाख्यातच, कराची आणि बेळगाव एकाच रंगात. खरं तर सिंध १ एप्रिल १९३६ लाच वेगळा झाला होता. मास्तरांनी शाईनं रेघ ओढून घेतली, ती मागच्या पानावर उमटली. ४७ साली तेच पान उघडून पणजोबा म्हणाले, "आक्का तर रेघेच्या पलीकडं हाय की!" आक्काचे यजमान कराची बंदरात कारकून. ६ जानेवारी १९४८ ला तिथं दंगल झाली, मग ती मंडळी बोटीनं मुंबईला उतरली. आक्कानं आणलं काय, तर एक पोळपाट. लाटणं तिकडंच राहिलं.

निपाणी : आमचे पणजोबा तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, जोडीला एक मुसलमान चाचा. ४६ च्या निवडणुकीत दोघं एकाच गाडीतून मत द्यायला गेले, पण मतदारसंघ धर्माप्रमाणं वेगळे. १९०९ पासूनची ती सोय. काँग्रेसच्या हिंदू उमेदवाराला चाचांचं मत मिळणारच नव्हतं, मग तो त्यांच्या दारात कशाला जाईल? मुंबई प्रांतातल्या मुसलमानांच्या ३० च्या ३० जागा पाकिस्तान मागणाऱ्या मुस्लिम लीगनं घेतल्या. पण मताचा हक्क होता कुणाला? सारा भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांना कोण विचारतंय! आणि आपण बिनदिक्कत म्हणतो, 'त्यांनी पाकिस्तान मागितलं'. ४६ च्या १६ ऑगस्टनंतर कलकत्त्याच्या दंगलीच्या बातम्या आल्या तसे दुपारी दोघं वेगळे जेवायला बसू लागले. भांडण नाही, तंटा नाही. चाचांना मग बांगड्याचं कालवण कोण देणार, एवढीच पणजीची काळजी.

चिकोडीजवळ : आमच्याकडं काही नाही. गावात रेडिओ नव्हता. आजा म्हणायचा, रॉकेल मिळत नव्हतं.

खानापूर : आजोबा लष्कराच्या पुरवठा खात्यात, अंबाल्याला. टेबल-खुर्च्यांपासून सगळ्याची वाटणी चाललेली, माणसांचीही. रावळपिंडीकडच्या मुसलमान शिपायाला हिंदुस्थान निवडायची मुभा नव्हती. इकडच्या मुसलमानाला मात्र कुठं जायचं ते सांगावं लागे. आजोबांबरोबर विजापूरकडचा एक हवालदार होता. रात्री कंदिलाशी कागद धरून तो विचारत बसला, "काय लिहू?" त्याचं घर, शेत, म्हातारी आई विजापुरात. तुकडीतले दोस्त सगळे पलीकडं निघालेले.

त्यानं काय लिहिलं, ते आजोबांकडून कधी निघालं नाही. विचारलं की म्हणायचे, "लिव्हलं की कायतरी," आणि पानाचा डबा जवळ ओढायचे.